शिंगाच्या मुठीचा चाकू

रविवार, ६ सप्टेंबर

नातीनं वाढदिवसाला ही वही दिली. म्हणाली, आजी, फोनवर मला जे जे सांगतेस ना, ते यात लिहीत जा. पोरीचा कान दुखत असणार. मी शाळेत सहावीपर्यंतच गेले, पुढे स्ट्रॉबेरी तोडायला लागले, त्यामुळे माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरावी तसं. पण वाचणार कोण, मीच. आणि मला माझं अक्षर लागतं.

काल बाकावर गेले होते. बाक म्हणजे कोर्टासमोरच्या ओकच्या झाडाखालचा. आमच्या गावातले म्हातारे शनिवारी सकाळी तिथं बसतात, सीडर झाडाच्या काटक्या तासतात, त्यातून काहीही घडवत नाहीत, आणि एकमेकांशी खिशातले चाकू बदलतात. माझा नवरा डॉर्सी जन्मभर तिथं बसला. फेब्रुवारीत गेला बिचारा. मागं घर, कोंबड्या आणि कापडाच्या गुंडाळीत बांधलेले त्याचे चाकू ठेवून गेला. घडीचे, खिशात मावणारे. सगळे आपल्याच देशातल्या कारखान्यांतले. परदेशी चाकूनं डॉर्सीनं साधी गोणीची सुतळीसुद्धा कापली नसती.

वसंतात मी ती गुंडाळी विकायची म्हणून बाकावर घेऊन गेले. डॉईलनं भिंग काढलं. डॉईल पूर्वी न्हावीकाम करायचा, अजूनही बोलताना समोरच्याचे केस बघतो. एकेक चाकू हातात घेऊन नावं ठेवायला लागला. वहिनी, याचं पातं घासून घासून निम्मं झालंय. वहिनी, याच्या हाडाच्या मुठीला चीर आहे. मी चाळीस-पन्नास वर्षं डॉर्सीच्या तोंडून हेच ऐकलेलं. घ्यायचा चाकू वाईट आणि द्यायचा चाकू सोन्याचा. मी गुंडाळी बांधली आणि डॉर्सीच्या जागेवर बसले. कोणी ऊठ म्हणालं नाही. तेव्हापासून दर शनिवारी बसते. माझ्या लेकीचं, डार्लाचं, म्हणणं की आई, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, अगं, या वयात लोक काही म्हणत असतील तर बरंच आहे की.

आत्ता स्कर्टच्या खिशात चाकू आहे. शिवणकामाच्या बाईकडून मुद्दाम खिसे लावून घेतले सगळ्या स्कर्टांना. खिसे असले की बाईचं चालणंच बदलतं.

शनिवार, १२ सप्टेंबर

आता खरी गोष्ट लिहिते. मला ओर्विसचा ट्रॅपर चाकू हवाय.

ओर्विस टॅकेट बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. शांत माणूस. नदीकडेला त्याची थोडी गुरं आहेत, त्याची बायको, जून नावाची, गेली त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्याकडे दोन लांब पात्यांचा ट्रॅपर आहे, एक पातं टोकदार, एक गोल. न्यूयॉर्ककडच्या एका कारखान्यातला, तो कारखाना कधीच बंद पडला. मूठ हरणाच्या शिंगाची. त्यावर नैसर्गिक खाचखळगे, वरचे कंगोरे सायीच्या रंगाचे आणि मधली खोबण भाजलेल्या कणसासारखी. पात्यावर निळसर करडी झाक चढलीय, ती फक्त जुन्या पोलादावर चढते. पण त्याची खरी जान म्हणजे स्प्रिंग. उघडताना असा टक्क आवाज येतो की समोरच्या पोस्टातली बाई मान वर करते. आमच्या बाकावर आवाजावरूनच माणूस चाकू ओळखतो. ज्याचा आवाज मेला तो चाकू मेला.

डॉर्सीनं त्या चाकूसाठी आयुष्यभर ओर्विसच्या मागं भुणभुण लावली. एकदा शिकारी कुत्रा देऊ केला, एकदा होडीचं इंजिन. ओर्विस म्हणायचा, डॉर्सी, हा सोडून काहीही माग, पाहिजे तर बायको माग. जून तिथंच उभी होती, ती म्हणाली, मला विचार करायला वेळ द्या. आम्ही सगळे किती हसलो होतो.

आज मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं. ओर्विस हसला. नाही म्हणाला नाही. नुसता हसला.

मंगळवार, १५ सप्टेंबर

कोल्ह्यानं एक कोंबडी नेली. तांबडी, जी अंडी घालत नव्हती तीच. कोल्ह्याला अक्कल कमी.

शनिवार, १९ सप्टेंबर

ओर्विसचं काहीतरी चाललंय. आज तो प्रेसबटणांचा शर्ट घालून आला, मोत्यासारखी चकचकीत बटणं असतात ना, गुरांच्या शर्यतीतले पोरगे घालतात तसला. मागच्या आठवड्यात बूटही बदललेले, नाडी नसलेले, पाय सरकवायचे नुसते. इतकी वर्षं या माणसाला मी नाडीच्या बुटात आणि साध्या शर्टात बघितलं. डॉईलनं लगेच पकडलं.

"काय रे, कोणाच्या अंगणात गाडी लावणारेस?"

ओर्विस म्हणाला, "तुझ्या अंगणात. तुझी म्हातारी म्हणाली, एकदा तरी बरा माणूस येऊ दे."

सगळा बाक हसला. मीही हसले. पण डॉईलला सगळं नाही दिसलं, मला दिसलं. ओर्विसनं आज दांडका तासलाच नाही. यंदाचा सीडर गाठाळ आहे म्हणाला. माणूस प्रेमात पडला की हातातलं काम सुटतं, माझा भाऊ असाच झाला होता. माझा अंदाज चर्चमध्ये गाणारी विल्मा. तिला मोत्याची बटणं आवडतील. मनात म्हटलं, चला, बरं झालं, प्रेमात पडलेल्या माणसाकडून चाकू काढणं सोपं.

शनिवार, २६ सप्टेंबर

मिळाला!

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार, येऊ दे. मी गुंडाळी उलगडून बसले होते. ओर्विस जवळ आला आणि डॉर्सीचे चाकू बघायला लागला. उघडून नाही बघितले, तो कधीच दुसऱ्याचा चाकू उघडत नाही, फार सभ्य. नुसता म्हणायचा, वहिनी, तुम्ही उघडा बरं. मी एकेक उघडून दाखवत होते. शेवटी त्यानं पिवळ्या मुठीचा उचलला.

आता तो पिवळा म्हणजे काय? डॉर्सी त्यानं पाकिटं फोडायचा. स्प्रिंग इतकी ढिली की पातं वाऱ्यानं हलेल. नुसतं बोट लावलं की उघडतो. आवाज नाही, काही नाही. गुंडाळीतला सगळ्यात टाकाऊ. डॉर्सी त्याला आळशी म्हणायचा. ओर्विस म्हणाला, हा द्या. मी म्हटलं, भावजी, त्या बदल्यात काय? त्यानं खिशातून ट्रॅपर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मला वाटलं थट्टा करतोय. मी डॉईलकडे बघितलं, डॉईल कोर्टाच्या घड्याळाकडे बघत होता. मी ट्रॅपर खिशात टाकला. बाकाचा नियम आहे, चाकू खिशात गेला की सौदा झाला. मग नवरा मेला, घर जळलं, काहीही झालं तरी तो सौदा उलटत नाही. मीही घाईघाईनं खिशात टाकला, त्याला शुद्ध यायच्या आत.

घरी येऊन डॉर्सीच्या फोटोपुढं उघडून दाखवला. टक्क. म्हटलं, बघ. तुझं इंजिन आणि तुझा कुत्रा. बाईनं पाकीट फोडायच्या चाकूवर काढला.

रविवार, २७ सप्टेंबर

पर्समध्ये घालून चर्चला नेला. प्रवचनाच्या मध्ये एकदा हळूच उघडला. पाद्री थांबले. मी छताकडे बघितलं.

शनिवार, ३ ऑक्टोबर

ट्रॅपर उघडताना अंगठ्याचं नख गेलं. पात्यावर नखासाठी बारीक खाच असते, तिच्यात नख अडकवून ओढायचं. पण ही स्प्रिंग म्हणजे हट्टी बैल. कोरड्या बोटांनी नाही जमत, नख लागतंच, आणि नखामागं अंगठा लागतो. मी साबणानं हात धुऊन, स्कर्टला पुसून, मग उघडते. तरी उघडते हं.

बाकावर माझं जरा जास्तच कौतुक चाललं होतं. मी सौदा पहिल्यापासून सांगत होते, दोनदा सांगितला. बाकावरच्या हर्शेलला कमी ऐकू येतं म्हणून त्याला तिसऱ्यांदा. डॉईल हसला नाही. म्हणाला, "वहिनी, मिळालाय ना. आता नुसता जपा. जास्त बोलू नका." मला राग आला. हरला ओर्विस आणि तोंड याचं वाकडं. पुरुषांचं हे असंच, बाईनं सौदा मारलेला पचत नाही.

ओर्विसनं सफरचंद आणलं होतं. तसाच चावून खाल्लं, सालासकट. हा माणूस सालाची एक लांब न तुटणारी फीत काढायचा, पोरं बघायला जमायची. मी म्हटलं, भावजी, सोलत का नाही? म्हणाला, सगळं सत्त्व सालातच असतं. विल्मानं शिकवलं असणार. ती असलं काहीतरी वाचत असते.

शनिवार, १० ऑक्टोबर

ओर्विसच्या बोटाला पट्टी. फाटकात सापडलं म्हणाला. जाडजूड पट्टी होती. मी म्हटलं, मलम लावा. तो हो म्हणाला आणि लवकर गेला.

थंडी पडायला लागली. सकाळी गवतावर पांढरं होतं.

शनिवार, १७ ऑक्टोबर

ओर्विस आला नाही. बाकाचं एक टोक रिकामं राहिलं की दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही नीट बसवत नाही, वजन चुकल्यासारखं. मी डॉईलला म्हटलं, विल्माकडे गेला असेल. डॉईलनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान मुलाच्या वाढदिवसाला मेलेलं मांजर आणलंय.

शनिवार, २४ ऑक्टोबर

आजही नाही. डॉईलनं सांगितलं, ओर्विस बाकावर येणार नाही. चाकू बाळगणंच सोडलं त्यानं. खिशात नसतो आता त्याच्याकडे.

मला कळेना. आमच्याकडे माणूस लग्नाला जाताना अंगठी विसरेल, पण खिशात चाकू नाही असं होत नाही. डॉर्सीला शवपेटीत ठेवतानासुद्धा त्याच्या खिशात एक ठेवलाय. मी म्हटलं, का? डॉईल म्हणाला, वहिनी, तुमचे डोळे चांगले आहेत ना अजून. आणि उठून गेला. बोलणं आहे का हे?

रविवार, २५ ऑक्टोबर

चर्चनंतर घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव घेऊन ओर्विसकडे गेले. विल्माही निघाली होती, पण भलतीकडे, तिच्या बहिणीच्या गावाला. म्हणजे ते काही नव्हतंच. माझं चुकलं.

त्याच्या पडवीत चाऱ्याची गोणी होती, कोपरा दातांनी फाडलेला. दातांच्या खुणा दिसत होत्या. मी म्हटलं, भावजी, कुत्रा पाळलात की काय? तो आत वळला. आत कॉफी दिली. कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायला, पाखरू धरावं तसा. बोटांची पेरं सुजलेली, आल्याच्या गाठीसारखी. मी इतके शनिवार त्या हातांजवळ बसले होते आणि सगळा वेळ चाकू बघत होते.

पाव कापायला मी खिडकीत ठेवलेला तो पिवळा उचलला. अर्धा पाव कापला आणि पातं आपोआप मिटलं, माझ्या अंगठ्यावरच. थोडक्यात वाचले. आळशी चाकू तो, उघडतो तसा मिटतो. मी ओर्विसच्या पट्टीकडे बघितलं. मग मला एकेक गोष्ट आपली आपण दिसायला लागली. बटणं. नाड्या. गाठाळ सीडर. वहिनी, तुम्ही उघडा बरं.

मी सौदा मारलाच नव्हता. त्यानं आपला सगळ्यात चांगला चाकू, जो त्याला उघडता येईना, देऊन एक असा घेतला जो उघडेल. आणि मी त्याला बोट कापणारा दिला.

मी पाव कापून त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, बाकावर का येत नाही?

"पाय दुखतात."

"बाकावर पाय कुठे लागतात, भावजी. बूड लागतं."

तो हसला. मग बाहेर गुरांकडे बघत म्हणाला, "वहिनी, ज्याला चाकू उघडता येत नाही त्यानं त्या बाकावर बसून करायचं काय? कोर्ट बघायचं? जन्मभर हा खिसा जड होता. आता हलका झालाय तर चालताना उगाच त्या बाजूला तोल जातो."

सूप ठेवून आले. येताना ट्रक रस्त्याच्या कडेला लावून थोडं बसले.

सोमवार, २६ ऑक्टोबर

ट्रॅपर परत द्यावा म्हटलं तर सौदा उलटत नाही. दिला तरी दया होईल आणि ओर्विस दया घेणार नाही. आणि घेतलाच तर उघडणार कसा? तिथंच येतं सगळं.

दुकानात नवा घेऊन द्यावा? तेही दयाच.

कपडे वाळत घालताना आठवलं. लहानपणी माझ्या काकाकडे एक चाकू होता, मुठीच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखी खाच पाडलेली. आत पातं उघडं दिसायचं. नख लागायचंच नाही. दोन बोटांच्या चिमटीत पातं धरायचं आणि ओढायचं. कारखान्यातूनच तसे यायचे, पोरांसाठी आणि हातमोजे घालणाऱ्यांसाठी. चिमूट तर त्याची शाबूत आहे. काल साखर चिमटीनंच घेतली त्यानं.

गुंडाळीतले सगळे काढून बसले. एकेकाची स्प्रिंग बघितली. डॉर्सी चाकू वापरणारा माणूस, सगळे झिजलेले, सगळे अर्धे आळशी. मिटेल, बोट कापेल. खाच पाडून उपयोग होईल अशी कडक स्प्रिंग एकाचीच.

रात्रीचं जेवण बरं गेलं नाही. शिंगाच्या मुठीवर कानस चालवायची म्हणजे काय, हे बाकावरच्या कोणालाही विचारा. जुन्या चाकूला कोणी नुसतं घासून चकचकीत केलं तरी डॉईल आठवडाभर त्याच्याशी बोलत नाही. पात्याची झाक घालवली तर तो चाकू संग्रहातून उठला. मूठ कापली म्हणजे तर संपलाच. तो पुन्हा कोणी मागणार नाही. आणि कारखाना बंद आहे, दुसरा व्हायचा नाही.

आणि तो आता माझा आहे. आज कुठे महिना होतोय.

बुधवार, २८ ऑक्टोबर

डॉर्सीच्या शेडमध्ये गेले. झाडं कापायच्या यंत्रकरवतीला धार लावतात ती गोल कानस सापडली. आधी एका स्वस्तातल्या बार्लो चाकूवर हात बसवला, हाडाच्या मुठीचा, चिरलेला होता. टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात धरला तर मूठ चिरडली. मग चामड्याच्या हातमोज्यात गुंडाळून धरला. कानस पुढं ढकलायची, मागं ओढायची नाही, डॉर्सी करवतीला तसंच करायचा. हाड घासताना दवाखान्यात दात घासतात तसा वास येतो. हाडाखाली पितळेची पट्टी असते, तीही घासावी लागते, आणि तिथं जरा घाई केली तर कानस पात्याला लागते. एकदा लागली. बार्लोवर होती म्हणून ठीक.

डार्लाचा फोन आला. म्हणाली, आई, धापा का टाकतेस? मी म्हटलं, व्यायाम.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

केलं.

सकाळचा उजेड बघून केलं. पहिल्यांदा कानस टेकवली तेव्हा हात चालेना. डॉर्सीला म्हटलं, तू डोळे मीट. मग डाव्या बाजूनं सुरुवात केली. शिंगाला जळक्या केसांसारखा वास येतो. सायीच्या रंगाचा तो वरचा कंगोरा, जो मला सगळ्यात आवडायचा, तोच खाचेच्या जागी होता. गेला. भुगा पांढरा पडला, पिठासारखा. मग पितळ. मग उलटून दुसरी बाजू. दोन्हीकडची खाच सारखी यावी म्हणून भुईमुगाची शेंग ठेवून ठेवून मापली, दुसरं गोल काही हाताशी नव्हतं. कडा बारीक पॉलिशकागदानं गोल केल्या, बोटाला लागू नये म्हणून.

दुपारी झाला. चिमटीनं ओढला. टक्क. आवाज तसाच आहे. स्प्रिंगला काही कळलंच नाही.

मग थोडी रडले. मग कोंबड्यांना दाणे टाकले.

रविवार, १ नोव्हेंबर

चर्चच्या दारात ओर्विसला गाठलं. म्हटलं, भावजी, एक काम होतं. तो पिवळा मला परत हवाय. डॉर्सीचा होता, मला झोप लागत नाही. हे खोटं, मला झोप उत्तम लागते, पण पाद्री जरा लांब उभे होते.

ओर्विस म्हणाला, घरून घेऊन जा. मी म्हटलं, नाही, सौदा उलटत नाही, डॉईल ऐकायचा नाही. बंद मुठीचा सौदा करू. म्हणजे दोघांनी चाकू मुठीत लपवून पुढं करायचा, न बघता बदलायचा, मग तक्रार नाही. त्यात कशाच्याही बदल्यात काहीही जाऊ शकतं. तुम्ही पिवळा आणा, मी काहीतरी आणते.

त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, तुमच्यासाठी येतो. म्हणजे फसला. त्याला वाटतंय, माझ्यावर उपकार करतोय.

शनिवार, ७ नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवते.

ओर्विस आला. त्याच्या टोकाला बसला. बाक नीट झाला. हर्शेल ओरडला, कोण आलंय? डॉईल म्हणाला, ज्यानं तुझ्याकडून सगळे चांगले चाकू उकळले तो. पुढच्या आठवड्यात हरणांची शिकार सुरू होणार, म्हणून सगळे त्याच गप्पांत होते. मी म्हटलं, मला ओर्विसभावजींशी बंद मुठीचा सौदा करायचाय. सगळे सरसावून बसले. आमच्याकडे याला सर्कशीइतकी गर्दी होते.

आम्ही मुठी पुढं केल्या. त्याची मूठ नीट मिटलेली नव्हती, पिवळा रंग बोटांतून दिसत होता, कोणी बघितल्याचं दाखवलं नाही. डॉईलनं एक, दोन, तीन म्हटलं. बदलले.

मी पिवळा खिशात टाकला. ओर्विसनं हात उघडला.

डॉईल वाकला, भिंग काढायला खिशात हात घातला आणि तसाच राहिला. मग म्हणाला, "वहिनी, हे काय केलंत?" अंत्ययात्रेत बोलतात तेवढ्या आवाजात.

मी म्हटलं, "माझं नख जात होतं. मला काय माहीत तुमचे नियम. बायकांच्या बोटाला सोयीचा करून घेतला. मग आवडेना, म्हणून दिला."

डॉईल उठला आणि कोर्टाला प्रदक्षिणा घालायला गेला. खरंच गेला. हर्शेल विचारत होता, काय झालं, काय झालं, कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं तर त्यानं टोपी काढली.

माझे कान तापले होते. इतके महिने लागले या बाकावरची एक व्हायला, आणि आता ही बाई चाकू कापते असं नाव होणार. होऊ दे.

ओर्विसनं चाकू उलटा केला. खाचेवरून अंगठा फिरवला, एक बाजू, मग दुसरी. मग दोन बोटांनी पातं धरलं आणि ओढलं.

टक्क. पोस्टातल्या बाईनं मान वर केली.

त्यानं मिटला. पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. असा किती वेळा केला मी मोजलं नाही. मग म्हणाला, "कानस कुठली वापरली?"

"करवतीची. गोल."

"दोन्ही बाजू अगदी सारख्या उतरल्यात. वेळ लागला असेल, ओलीटा."

मी म्हटलं, छे, सकाळची कामं आटपून सहज केलं. त्याला पटलेलं दिसलं. खाली बघून नुसता मान हलवत होता. त्याला काही संशय आलेला नाही, मी बारकाईनं बघत होते. फक्त वहिनी म्हणायचं विसरला, नुसतं माझं नाव घेतलं, पण इतक्या लोकांत माणूस गोंधळतो.

डॉईल परत आला. म्हणाला, ओर्विस, तुला कापलेला चाकू मिळाला, आता सौदा उलटत नाही, भोग. ओर्विस म्हणाला, भोगतो. डॉईलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या केसांकडे बघत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला हा बाक सोडता येणार नाही. तुमच्या हातात कानस आहे हे कळल्यावर आम्हाला तुमच्यावर नजर ठेवावी लागेल." आणि सीडरचा एक दांडका ओर्विसच्या पुढ्यात टाकला. ओर्विसनं तासायला घेतला. हळू तासतो आता, पण ढलपी एकसारखी निघत होती, लाल, वासाची. गाठाळ अजिबात नव्हता.

निघताना त्याच्याकडे बघितलं. उजव्या खिशावर हात ठेवून चालत होता.

सोमवार, ९ नोव्हेंबर

घर तसं गप्प आहे. गुंडाळीत ट्रॅपरची जागा रिकामी दिसते, पिवळा तिथं ठेवला तर तोही ढिला पडतो. पण मला बरं वाटतंय. का ते विचारत बसत नाही, डार्ला विचारते, तिला सांगितलं की हवा चांगली आहे.

सकाळी ओर्विस आला, पडवीची जाळी फाटली होती ती लावायला. मी सांगितलं नव्हतं, त्यालाच दिसली म्हणे रस्त्यावरून. रस्त्यावरून माझी पडवी दिसत नाही, पण त्याचे डोळे चांगले असतील. दोरी कापताना प्रत्येक वेळी चाकू उघडत होता आणि मिटत होता, एकदाच उघडून ठेवला असता तर काम लवकर झालं असतं. मी कॉफी दिली. मोत्याची बटणं घातली होती. मी म्हटलं, शर्ट बरा दिसतो. तो म्हणाला, सोयीचा आहे.

जाताना फाटकाशी रेंगाळला. उद्या काय करतेस म्हणाला. मी म्हटलं, सफरचंदाच्या तळलेल्या पोळ्या, टोपलीभर सफरचंदं पडलीत, एकटीनं कधी संपायची. चिरून देणार असशील तर ये.